नकलनवीस बाईचा जबाब

होय, कारभारीसाहेब, तो विराम माझाच.
बासूनच्या पानावर, सत्तेचाळिसाव्या खणात,
अर्ध्या मात्रेचा.
शाई सरकारची, हात माझा.

पगारातून तीन क्रॉइत्सर कापतो म्हणता, कापा.
पण आधी ऐकून घ्या,
वहीत लिहायला कारण तर हवं ना तुम्हाला.

एकोणीस वर्षं मी हाव्रानेकमास्तरांची पानं उतरवते.
त्यांचं संगीत मला कळतं असं नाही,
पानं कळतात.
मेण सांडलंय, म्हणजे रात्र सरत आली होती.
रश्श्याचा डाग, म्हणजे घरात मटण होतं,
म्हणजे पगार झाला होता,
आणि तिथून पुढे चार खण सूर नुसते उड्या मारतात.
गेल्या वर्षीचा तो अडाजिओ,
ज्याला राणीसाहेबांचे दोन रुमाल भिजले,
तो दाढदुखीचा.
पाठीमागे लवंगतेलाचा हिशोब आहे, दाखवते हवं तर.
आणि बुलबुलाचे ते तीन सूर,
ज्यांवर प्रागचे पाहुणे डोळे मिटून डोलले,
ते "ओंद्रा, सूप निवतंय!"
मास्तरीणबाई खिडकीतून रोज तस्सं ओरडतात,
आधी वर, मग खाली, मग दार आपटल्यासारखं.
बुलबुल कसला.

आता मातोउशचं.
सत्तरी उलटलेला माणूस.
दिवसा तुमच्याच तळ्यांवर जाळी ओढतो, कार्प मोजतो,
संध्याकाळी मासळीच्या वासावर गणवेश चढवून
बासून फुंकतो.
मास्तरांनी त्याला एकट्याला बावीस खण दिले, सलग,
मध्ये सुईच्या टोकाएवढी फट नाही.
लिहिणाऱ्याला दम लागत नाही ना.
ईस्टरला त्याचे कान बिटासारखे लाल झाले
आणि तो नगाऱ्यावर कोसळला.
टाळ्या पडल्या.
लोकांना वाटलं, शेवट झाला.

म्हणून ह्या वेळी उतरवता उतरवता
सत्तेचाळिसाव्या खणाशी माझाच श्वास अडकला.
पीस दौतीत बुडवलं,
आणि गळाच्या आकड्याएवढी एक खूण काढली.
एवढंच.

परवा रात्री तुम्ही होतातच.
बाकीचे तिथे आधीच गप्प, मग बासूनही थांबला,
आणि त्या फटीतून मातोउशचा श्वास
शेवटच्या बाकापर्यंत गेला.
सरकार जागे झाले.
दर मैफलीला घोरणारे सरकार,
गिरणी थांबली की गिरणीवाला दचकून उठतो, तसे.
"हे काय होतं?"
मास्तर उठले, कमरेत वाकले.
त्यांना काही ठाऊक नव्हतं,
मला मागून त्यांची मान लाल होताना दिसत होती.
"आत्म्याचा उसासा, सरकार."
चांदीची तपकिरीची डबी मिळाली.
नोंद तुम्हीच केलीत.

माझ्याकडे आले ते मध्यरात्रीनंतर.
ओरडले नाहीत.
पान मेणबत्तीपाशी धरलं, बराच वेळ,
मग खिशातून दोन नाशपाती काढून
टेबलावर ठेवल्या आणि गेले.
एक मी खाल्ली. एक मातोउशला दिली.
त्याने का म्हणून विचारलं नाही.

आज सकाळी नवी सिंफनी आली.
मी बासूनचं पान आधी वर काढलं.
दर सहा खणांनी फट,
आणि कडेला त्यांच्या त्या घाईच्या अक्षरात:
"अपोलेना, पुरे का एवढं?"

तेव्हा कापा तीन क्रॉइत्सर, साहेब,
पण लवकर आटपा, शाई सुकतेय.
शिवाय शिंग वाजवणाऱ्या शिमोनचा
काल पुढचा दात पडलाय,
आणि तिसऱ्या पानावर, हे बघा,
केवढा उंच सूर ठेवलाय त्याच्यासाठी.