भोसरी, दुसरी पाळी

निळ्या ड्रमवरचं नाव अर्धंच उरलंय:
सोडियम डायमिथाइल डायथायो…
पुढचं मुलाणीमामांच्या हातमोज्यांनी पुसून नेलं.
ते त्याला नुसतं 'पिवळं' म्हणतात.
"पिवळं किती सोडू, मॅडम?"

मी सहा बीकर मांडते.
तांब्याच्या टाकीचं धुणं, निळंशार,
विष म्हणायला जीभ रेटत नाही.
पहिल्यात अर्धा मिली, दुसऱ्यात एक,
आणि निळाई एकाएकी तपकिरी पडते,
कण कणाला धरतो,
बसत जातो.
चौथ्यातल्या पाण्याआडून
भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी वाचता येते.

स्वतः पाण्यात शिरलं की मागमूस नाही,
पण एकदा तांब्याचा हात धरला
की दोघंही पाणी सोडतात.

आम्लाशी मात्र त्याचं जमत नाही.
शेंडकर नवा होता तेव्हा
त्यानं त्याच बादलीत ॲसिड ओतलं;
सडक्या मुळ्याची घाण पार गेटपर्यंत.
बिचारा अजून डब्यातला मुळा बाजूला काढतो.

आणि जास्तही चालत नाही.
तांब्यानं मरायचे ते मासे
मग उरलेल्या पिवळ्यानं मरतात.

"चौथ्याच्या हिशेबानं," मी सांगते.
पंप खोकतो, चालू होतो.
"नाल्यात मासे आहेत का पण?"
मामा नळी धरून विचारतात.

मी कधी पाहिले नाहीत.
रजिस्टरात आकडा लिहिते,
दोन दशांश स्थळांपर्यंत,
ते असल्यासारखा.