साचा

फेलगेइरासच्या कारखान्यात
इर्मेलिंदा बावीस वर्षं बूट शिवते
एकाच साच्यावर. कुणा पुरुषाचा पाय,
नाव कुणालाच ठाऊक नाही.
बायकांसाठी तोच,
दोन नंबर लहान, वर जांभळी नाडी.

मफाल्दा, तिची लेक, डावीकडून धावते.
टाच सैल, चवडा आवळलेला.
रविवारी रात्री घमेल्यात मीठपाणी,
काळं नख पाण्याखाली आणखीच मोठं.

आज नवा साचा आला:
टाच अरुंद, कमान उंच.
इर्मेलिंदानं तो नुसता हातात धरला.
वजन ओळखीचं.
पहिला टाका चुकला, उसवला, पुन्हा घातला;
मुकादम काही बोलला नाही.

रविवारी लेक घरी आली
तीन-एकनं हरून, शिव्या देत,
आणि बूट न काढताच
जेवायला बसली.