सहाशे पंच्याऐंशी

स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर, रात्री अकराला
थोरफिन लिनक्लेटर खिशातून दोन काचा काढतो.
दोन्ही काळ्या. डोळ्याला लावल्या तर
एकीतून बोटशेडचा जुना बल्ब
विझत आलेल्या निखाऱ्याएवढा,
दुसरीतून काहीच नाही.
‘काहीच नाही’वालीची किंमत जास्त.

वर गुरू लटलटतोय,
उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं.
अटलांटिकचा वारा निळ्याला आधी धरतो,
मग हिरव्याला. लाल जरा वाकून निसटतं,
आणि लालच्या पलीकडलं
त्याच्या हाती फारसं लागत नाही.

मग पलीकडलीच लाव की, हिल्डा म्हणते,
आठशे सातची.
तो वाद घालत नाही, लावून दाखवतो.
पडद्यावर वाळू. वाळूत कुठेतरी गुरू.
सहा इंचांचा आरसा, ओंजळ केवढीशी,
त्यात लांब लाटेला
बारीक अक्षर मुळातच वाचता येत नाही.

सहाशे पंच्याऐंशी.
पट्टे थांबतात.
कडेवरून एक वादळ आत येतं, सावकाश.
तो नावाजलेला लाल डाग मात्र पांढुरका:
लालातून लाल बघितलं की उरतं ते एवढंच.

‘मग ही दुसरी विकून टाक.’
‘छे. उद्या तीनला चंद्र असेल वर, भर निळ्यात.
हिच्यातून आभाळ काळं होतं.’
‘तीनला माझे खेकडे उतरतात.’
‘दहा मिनिटं.’

ती काच हातमोज्यात घालते,
हो म्हणत नाही.