सिग्नल वजा जाता

पट्टा आईनं शिवला, दुकानाच्या जुन्या पडद्याचा.
निळं कापड, कडेला विरलेलं,
आणि ‘तोफू’च्या दोन अक्षरांतलं पहिलंच काय ते त्यात मावलं :
नुसतं ‘दाणा’.
अर्जावर संघाचं नाव म्हणून तेच लिहिलं.
अकिताच्या डोंगरातलं आमचं गाव,
कारकुनानं मानही वर न करता शिक्का मारला.

धावणारे चौघं, पट्टा एक.
खांद्यावरून तिरका, टोक कमरेत खोचलेलं,
एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर
घामासकट जायचं त्यानं.
आई तीन किलोमीटर, शिगेकी पाच,
बाबा चार. शेवटचे सहा माझे.

गेल्या साली सरावात मी बाबांना पहिल्यांदा मागं टाकलं.
त्या रात्री पाणी पार निवलं
तरी ते टबातून बाहेर यायचं नाव घेईनात.
आणि पहाटे तीनला, सोयाबीन दळता दळता,
पाठमोरेच म्हणाले,
‘चढावर हात फार हलवतेस तू.’

टपाल कचेरीसमोरच्या चौकीवर मी उभी.
बर्फ नव्हे, पाऊसही नव्हे, मधलंच काहीतरी पडत होतं.
अग्निशमन दल गेलं, बँक गेली,
शाळेचे मास्तर लंगडत आले, तेही गेले.
नियम असा, की पहिल्या संघानंतर बारा मिनिटांत
ज्याचा पट्टा येणार नाही
त्याला पांढरा पट्टा देऊन सोडायचं.
रस्ता किती वेळ अडवणार?

पंचानं तो माझ्या गळ्यात घातला.
कोरा, इस्त्रीचा,
कुणाच्याच अंगाचा वास नसलेला.
तेवढ्यात वळणावर बाबा दिसले.
निळा पट्टा काढून मुठीत, हात पुढे केलेला,
जणू शंभर मीटर म्हणजे हातभरच.
पंचाला मी म्हटलं, ‘ते बघा, आलेच.’
त्यानं घड्याळाकडे बघितलं. माझ्याकडे नाही.
शिट्टी झाली.

मागं वळून पाहिलं नाही मी.
पाहिलं. एकदाच.

पोचले तेव्हा आई टॉवेल घेऊन उभी,
शिगेकी फोन कानाला लावून :
चौकीवर बाबा नाहीत.
टपाल कचेरीत नाहीत, शेजारच्या न्हाव्याकडे नाहीत.
खुर्च्या मिटत होत्या, फिती गुंडाळल्या जात होत्या,
खडूच्या रेघेवरून पहिली गाडी गेली
आणि रेघ अर्धी पुसली.

मग पलीकडच्या फुटपाथवर,
लाल सिग्नलपाशी,
एक सदुसष्ट वर्षांचा माणूस जागच्या जागी पळताना दिसला.
ना इकडून गाडी, ना तिकडून.
तरी थांबलेला.
‘तोकुजी सान, संपली हो शर्यत!’ कुणीतरी ओरडलं.
त्यांनी वाकून नमस्कार केला, पळतापळताच.

हिरवा झाला.
रेघेच्या तीन पावलं अलीकडे आले
आणि हात पुढे केला.
पट्टा ओला होता, गरम होता, जड होता.
दोन्ही हातांनी घेतला मी,
आणि ती तीन पावलं
उरलेल्या अर्ध्या रेघेवरून पळाले.
कुणी वेळ नोंदवली नाही.

‘किती?’ बाबांनी विचारलं, गुडघ्यांवर हात ठेवून.
‘अठ्ठावीस चाळीस.’
त्यांनी मनगट डोळ्यांपासून लांब धरलं.
‘एकोणचाळीस दहा. पण तीन सिग्नल लागले.’
‘सिग्नल वजा जाता?’ शिगेकी म्हणाला.
बाबांचे ओठ हलू लागले, हिशेब खरंच सुरू झाला,
तेव्हा आईनं टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला.

रात्री दुकानामागं, तोफूच्या फडक्यांच्या रांगेत
दोन पट्टे वाळत होते.
पांढरा सोमवारी परत करायचा, धुऊन, इस्त्री करून.
निळा ठिबकत राहिला.

पहाटे तीनला चक्की सुरू झाली.
मी भिजलेलं सोयाबीन ओतत होते.
बाबा पाठमोरेच म्हणाले,
‘हात बरे होते काल. चढावर.’
थोडं थांबून,
‘दिसत होतीस तोवर तरी.’