अर्थिंग

पहिल्यांदा आणला तेव्हा पोत्यात गुंडाळलेला होता.
संतुक धापसे, बेंजोवाला, मानवत रोडच्या अलीकडचा.
"मिस्त्री, ह्यो माझ्या आधीच गाऊ लागलाय."

मागची फळी काढली.
आत झुरळांची टरफलं, कुठल्या तरी लग्नातल्या चार अक्षता,
आणि पत्र्यावर पेन्सिलीनं, माझ्या उस्तादाच्या हातचं:
वहाब, सेलू, १२ एप्रिल ८६. घाईत केलंय.
घाईतला एकेक डाग
ज्वारीच्या दाण्याएवढा, टपोरा.

सिरीजचा बल्ब लावला.
भक्कन पेटला, मग मंदावला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर जिता.
मोठा कपॅसिटर टाळूला फुगलेला, तो बदलला.
आवाजाचा कान पिळला तर खरखर, तो पेट्रोलनं धुतला.
लाकडी काडीनं व्हॉल्वांना टिचक्या मारत गेलो,
वैद्य पोटावर बोटं वाजवतो तशा.
लावून बघितला: गप.
इतका गप
की मागच्या रसवंतीचे घुंगरू मोजता यावेत.
तीनशे साठ रुपये घेतले.

आठव्या दिवशी पोतं पुन्हा दारात.
"घूं करतोय. तारेला बोट ठेवलं की निवतंय.
बोट काढलं की पुन्हा घूं."
मी ऐकलं. म्हणजे कानावर पडू दिलं.
दोन व्हॉल्व बदलले, पिनची वायर बदलली,
दुकानात तो पुन्हा गप, शहाण्या पोरासारखा.
शंभरच घेतले.

तिसऱ्यांदा संतुक मोकळ्या हातानं आला.
"तुमच्या दुकानाला भितोय त्यो. आता तुम्हीच चला."
त्याच्या लुनावर मागं बसलो, मांडीवर मीटर.

घरात शिरायच्या आधीच ऐकू आला.
पत्र्याखाली कोंडलेला भुंगा.
संतुकनं अनवाणी, सारवलेल्या जमिनीवर उभं राहून
तारेला बोट लावलं.
भुंगा बसला.
बोर्डात मीटरच्या काड्या घातल्या,
तिसऱ्या भोकात काही म्हणजे काहीच नाही.
इतके दिवस हा माणूसच अर्थिंग होता,
तळपायापासून बोटापर्यंत.
आणि माझ्या भिंतीमागं रसवंतीचं पाणी
वर्षभर मुरत होतं, ते मला आत्ता आठवलं.

"खड्डा कुठंय?"
कौशाबाईनं मागच्या अंगाला नेलं.
न्हाणीचा जुना दगड. त्याच्याखाली पूर्वी ओल असायची,
ओलीत अळू, अळूत हा लोखंडी पाईप.
गेल्या साली सिमेंटची नाली आली,
सांडपाणी तालेवार झालं, थेट गावाबाहेर जाऊ लागलं.
अळू गेलं.
पाईपाभोवती काळी माती
मनगट जाईल एवढी फाटलेली.

"एक घागर ओता," मी म्हणालो, "आन् मूठभर मीठ."
बाई माझ्याकडं बघतच राहिल्या.
"नळ नवव्या दिवशी येतो, मिस्त्री.
माणसाला तांब्या मोजून, आन् खांबाला घागर?"
मग स्वतःच आणली.
काठोकाठ नव्हती, पण गाळलेली होती.

माती प्यायली ते ऐकू आलं.
आतून संतुक ओरडला, "उतरतंय!"
भुंगा आधी अंगणात गेला, मग बांधापलीकडं,
मग कुठं गेला कळलं नाही.
संतुकनं एकच पट्टी दाबली, तार छेडली,
हात पाठीमागं नेले.
सूर तिथंच उभा राहिला,
कुणाचाही हात न धरता.

फळी लावायच्या आधी
उस्तादाच्या अक्षराखाली लिहिलं:
पेटी चांगली आहे. जमीन बघा.
चौथा स्क्रू काही सापडला नाही.
खिशातून शंभराची नोट काढून
बेंजोच्या झाकणावर ठेवली. वरच्या तीनशे साठांचं
कुणीच काही बोललं नाही.

"आता ह्याला रोज पाजायचं का?" कौशाबाईनं विचारलं.
"रोज नको. वाजवायच्या आदल्या दिवशी."
त्यांनी जुन्या दगडाकडं बघितलं,
मग नवऱ्याकडं.
"मग हे आता हितंच अंगुळ करतील."