चार बोटं

मेयोच्या तळमजल्यावर, कूलरच्या घरघरीत,
ती पोरगी (पट्टीवर नाव रुचिरा मेश्राम)
म्हणाली, काकू, घरी मशीनवर बसता
तशाच बसून दाखवा.
मी लोखंडी स्टुलावर बसले.
समोर मशीन नव्हती, तरी हात
आपसूक कापड धरायला गेले,
मान सुईच्या नेढ्याकडे,
खांदे कानांपाशी,
उजवं पाऊल नसलेल्या पायडलवर.

तिनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला.
विळ्यासारखी वाकलेली एक बाई.
ब्लाऊज माझाच होता, म्हणून ओळखली.

एकवीस वर्षं शिवतेय, तांडापेठेत.
किती पाठी माझ्या वहीत आहेत:
उंची साडेतेरा, गळा खोल,
डावा खांदा उतरता, नाडी मागे.
माझी पाठ तेवढी
कुणी मोजली नव्हती.

डोकं पाच किलोचं असतं, ती म्हणाली,
पुढे गेलं की मानेला तिप्पट जड.
म्हणजे पिठाची पिशवी
मी एकवीस वर्षं हवेत धरून बसले,
आणि दुखतं म्हणून बाम चोळला.

मग तिनं शिकवलं.
स्टूल नको, पाठीची खुर्ची.
मशीनच्या चारी पायांखाली विटा.
कापड डोळ्याजवळ आणा,
डोळा कापडाजवळ नेऊ नका.
हनुवटी आत घ्या, शेजारणीच्या सुकटीचा वास आल्यासारखी.
आणि बादली उचलताना कंबर नाही, खुबे वाकवा,
गुडघ्यांतून खाली जा,
बादली पोटाशी घ्या,
रडणारं लेकरू घेता तशी.

घरी येऊन आईला सांगितलं.
भाजी निवडता निवडता म्हणाली,
"विटा? तुह्या बापानं तं माती टाकली होती."

माग आजोबांचा. खड्डाही त्यांच्याच उंचीचा.
आईचे पाय पावड्यांना पुरायचे नाहीत,
ती काठावर सरकून, अर्धी लोंबकळत विणायची.
रात्री पोटऱ्यांत गोळे.
एका अमावस्येला, माग बंद असताना,
बाबांनी तिला काठावर बसवलं,
टाच आणि पावडीमधलं अंतर हातानं मोजलं.
चार बोटं.
घमेल्यानं मुरूम आणून टाकला, चोपला,
पावड्या वर बांधल्या, वरून सारवलं.
"बस," म्हणाले.
"एवढंच बोलला तो," आई म्हणाली,
"अन् मी बसली."

मग मेथीची एक जुडी पूर्ण होईपर्यंत गप्प.

"पर माग एकच होता ना.
दिवसा मी, राती तो.
लांब माणूस. त्या उथळ खड्ड्यात
गुडघे छातीशी घेऊन धोटा मारे."

मला त्यांचे गुडघे आठवले.
जिन्यावर कठड्याला धरून
एकेक पायरी मोजत उतरणारे.
आम्ही म्हणायचो, वय झालं.

पुढच्या खेपेला मी रुचिराला विचारलं:
माग एक, माणसं दोन,
एक ठेंगणं, एक उंच.
काय करायचं?
ती माझा खांदा दाबत होती, थांबली.
सुटी फळी, म्हणाली.
खड्ड्याच्या तळाशी एक फळी.
बुटका बसला की घालायची,
उंच बसला की काढायची.

फळी.
आमच्या अंगणात कितीतरी पडल्या होत्या,
तुटक्या मागाच्या, पावसात भिजणाऱ्या.
आईला हे सांगितलेलं नाही.

मान आता बरीच वळते.
सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू ओलांडताना
अख्खं अंग फिरवावं लागत नाही.
संध्याकाळी निमज्यांची वृषाली येते
पिको शिकायला. ठेंगणी आहे.
विटांवरच्या मशीनपुढे तिचे खांदे
कानांपर्यंत चढतात.
आजच जाताना म्हणाली, काकू, इथे दुखतं.

उद्यापासून ती मशीनचा एकेक पाय उचलेल,
वीट मी काढीन,
रात्री परत घालू.
"रोज चार-चार विटा?" तिनं विचारलं.
रोज, म्हटलं.
पण अशी वाकू नको. थांब.
आधी गुडघे.