बीन्स, दोन डबे

आरशात बघू नका, मिसेस अ‍ॅक्रॉइड म्हणाल्या,
आरशात सगळ्यांनाच सगळ्या बॅगा शोभतात.
आणि काउंटरखालून त्यांनी बीन्सचे डबे काढले,
माझ्या कॅमेऱ्याच्या, लेन्सांच्या वजनाइतके मोजून.
हे भरून चर्चपर्यंत चढून या.
चढावर खांदा खोटं बोलत नाही.

हॅलिफॅक्सची ती गल्ली, उभी, दगडी,
वारा असा की कानातली कुडीसुद्धा गार.
पहिली बॅग एका खांद्याची, तपकिरी कातड्याची, देखणी.
अर्ध्यातच मान आखडली.
फिजिओवालीनं भिंतीशी उभं करून दाखवलंच होतं,
डावा खांदा उजव्याहून बोटभर खाली.
किती वर्षं?
अकरा, म्हटलं, जसं काही नोकरीच सांगतेय.

दुसरी पाठीवरची. बाई गं, केवढी!
कप्प्यात कप्पे, कप्प्यांना खिसे,
दोन कॅमेरे, तिन्ही लेन्सा, डबा, छत्री,
वर निषादचा शाळेतला सगळा पसारा मावला असता.
पण चालू लागले तसे डबे आत
एकमेकांवर आपटायला लागले
आणि मला भररस्त्यात आप्पा आठवले.

आप्पा कासार. आठवडी बाजाराला निघताना
पडशीत बांगड्या भरायचे,
पुढच्या झोळीत हिरव्या, मागच्या झोळीत रंगीत,
दोन्हीकडचं वजन तळहातावर तोलून.
जिथं बोट शिरेल तिथं चिंधी कोंबायचे.
काच काचेला फोडत नाही, पोरी,
मधली पोकळी फोडते.
आणि फोडते म्हणून झाल्यावर स्वतःच जीभ चावायचे.
बांगडी फुटत नाही. वाढते.

गेल्या जूनमध्ये बेम्प्टनच्या कड्यावर
समुद्रपक्ष्यांच्या त्या कलकलाटात
माझी लेन्स खडकावरून गडगडत गेली.
घरी फोन करून म्हटलं, लेन्स वाढली रे.
ब्रॅडफर्डात जन्मलेला माझा मुलगा
आनंदानं म्हणाला, किती मिलिमीटरनं?

तिसरी बॅग करडी, बुटकी, नजरेत न भरणारी.
कमरेला रुंद पट्टा; आवळला
तसं ओझं खांद्यावरून उतरून
कडेवर बसलं, लेकरासारखं.
पण डबे ठासून भरावे लागले, चेन ओढून लावावी लागली.
तुमची ती लांबडी लेन्स यात नाही मावायची, मिसेस अ‍ॅक्रॉइड म्हणाल्या.
तीच तर हवी, म्हटलं, बगळे लांब असतात.
त्या काहीच बोलल्या नाहीत. दार उघडून धरलं.

चर्चच्या दाराशी फूड बँकेची पेटी,
शेजारी लोकरी टोपी घातलेला म्हातारा.
मी दम खायला थांबले, चेन उघडून पाहिलं
डबे नीट आहेत ना,
तर त्यानं दोन्ही हात पुढे केले.
थँक यू, लव्ह.
आता काय सांगणार? बीन्स माझ्या नाहीत,
या माझ्या लेन्सा आहेत?
दोन डबे दिले.

उतरताना मी जरा जास्तच सरळ चालत होते.
पट्टा तोच, दगड तेच.
मिसेस अ‍ॅक्रॉइडनी डबे मोजले,
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
आणि पावतीवर बॅगेखाली लिहिलं:
बीन्स, दोन डबे.

लांबडी लेन्स कपाटात आहे, मोज्यांमध्ये गुंडाळून.
बोट शिरेल अशी जागा ठेवलेली नाही.

रविवारी टॉडमॉर्डनला कालव्यावर गेले.
बगळा पलीकडच्या काठावर, एका पायावर, लांब.
बघत बसले. मग निघाले,
लॉकपर्यंत पोचले, आणि हात सवयीनं
डाव्या खांद्याकडे गेला.
पट्टा नाही.
पोटात खड्डा. धावत परत आले बाकापाशी,
बाकाखाली वाकले, गवत चाचपलं,
कुत्रा फिरवणाऱ्या पोरीला विचारलं,
इथं करडी बॅग पाहिलीस का?
ती माझ्या पाठीकडे बघत राहिली.

बगळा उडाला होता.
घाईघाईनं काढलेल्या फोटोत
नुसतं हललेलं पाणी आलंय.